पदूचा हात

"अक्षरांचा झिजलेला, तुटलेला एकूण एक खिळा छापून दाखवा," दिघे मास्तर म्हणाले. "लपवलंत तर नवं यंत्र सुधारणार काय?"

कर्जतच्या शाळेत आसपासचे छापखानेवाले आणि खिळे जुळवणारे जुळारी जमले होते. बेचाळीसची धामधूम अजून विझली नव्हती, आणि मुंबईहून आलेले मास्तर ओळ ओतणाऱ्या यंत्राबद्दल शिकवत होते. बटणं दाबली की शिशाची अख्खी ओळ तयार. खिळे वेचायला नकोत.

"मग आमी काय टाळ कुटायचे?" गजा जुळारी म्हणाला.

"नानांच्या मागं उभा ऱ्हा. कीर्तनात जागा हाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळे हसले. चौक गावच्या छापखान्यातले नानाही हसले. मास्तरांची रसाळ वाणी ऐकून त्यांना वाटत होतं, हा माणूस बुवाच व्हायचा. देव अशी जीभ उगीच देत नाही.

नानांना स्वतःसाठी काही नको होतं. पण मास्तर एका जुळाऱ्याला मुंबईला यंत्र शिकायला नेणार होते. तो आपला लेक पदू असावा. आईवेगळं पोर. तेवढं मार्गी लागलं की नाना हरिनाम घ्यायला मोकळे.

इतरांनी धड खिळे तेवढे छापून आणले. नानांनी सगळे. "देवापुढं लपवलं नाय, तुमच्यापुढं कशाला?"

मास्तरांनी कागद उजेडात धरला. शेपूट तुटलेल्या एका ‘र’वर त्यांचं बोट थांबलं.

"या खिळ्यांना हात कुणाचा?"

"माज्या पदूचा. एकट्याचा. मला आता दिसतंय कुटं?"

"सराव कधी करतो?"

"रातभर, मास्तर! कागदाची एवढी टंचाई, तरी कुटून कुटून पैदा करतो. म्हनतो, हात वळला पायजे. मग दिवसा झोपतो. आत्ताबी घरीच हाय, लोधिवलीला, मारुतीच्या देवळामागं." नानांनी हात जोडले. "लेकराचं तेवढं बघा."

"आजच बघतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी नानांच्या पाठीवरून हात फिरवला. नानांचे डोळे भरून आले. मनातल्या मनात त्यांनी विठ्ठलाचं नाव घेतलं.

मास्तर दारापाशी गेले. बाहेर साध्या कपड्यांत उभ्या असलेल्या दोघांनी टाचा जुळवून सलाम ठोकला.

"भूमिगतांची पत्रकं छापणारा सापडला. त्यांतला तुटका ‘र’ याच्याच खिळ्यांतला," मास्तर म्हणाले. "चला, झोपेत आहे तोवरच बेड्या घालू."