घायाळ हरणाचे नियम

“उतरू नकोस,” प्रताप म्हणाला. “हात लावायचा नाही. कायदा आहे.”

शोभनाने गाडीचं दार अर्धं उघडलं होतं. बाहेर नोव्हेंबरचं धुकं, आणि संध्याकाळी पाचलाच काळोख. उजवीकडचा दिवा फुटला होता. न्युरेम्बर्गहून गावाकडे येणारा हा रस्ता प्रताप रोज तुडवायचा. आज ऑफिसातून निघतानाच त्याचे डोळे मिटत होते, आणि शेजारी शोभनाला डुलकी लागली होती. हरणांच्या इशाऱ्याची पाटी मागे पडली, काहीतरी तपकिरी आडवं आलं, धप्पकन आवाज झाला. ते जे होतं ते रस्त्याकडेच्या खोल चरात गेलं.

“निदान बघून तरी येऊ,” शोभना म्हणाली.

“जखमी हरणाजवळ गेलं की ते घाबरून उठतं, पळतं आणि रानात कुठंतरी झुरत मरतं. आपण लांब राहायचं. पोलिसांना फोन केलाय, ते येगरला पाठवतायत.”

येगर म्हणजे त्या रानाचा परवानेवाला शिकारी, ब्रांडल. त्याच्याकडेच प्रताप दर शनिवारी शिकारीच्या परवान्याचा कोर्स करत होता. त्याला शिकारीची हौस मुळीच नव्हती. पण त्याचा शेफ, म्हणजे ऑफिसातला साहेब, शिकारी, शेफचा शेफही शिकारी, आणि बढत्या ऑफिसात नव्हे तर रानातल्या मचाणावर ठरतात हे त्याला फार उशिरा कळलं होतं. बोंबील साफ करायची वेळ आली की तोंड फिरवणारा हा गृहस्थ आता दात बघून हरणाचं वय सांगायचा. एकदा नापास होऊन झालं होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा होती.

“परवान्याशिवाय रानातल्या जनावराला हात लावला तर चोरटी शिकार धरतात,” तो म्हणाला. “एक केस झाली की परवाना विसरा. पुढे व्हिसालाही प्रश्न.”

खालून आवाज आला. बारीक, लांबलेला.

“अहो, रडतंय ते. माणसासारखं.”

“रेह जातीचं हरीण असंच कण्हतं. ब्रांडलनी टेप ऐकवली होती. पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण फसतो.”

शोभनाने बाहेर टाकलेला पाय आत घेतला. दार मात्र तिने ओढून घेतलं नाही. नवऱ्याच्या नियमांशी भांडायचा तिला कंटाळा आला होता. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, दुपारी काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात आवाज करत टाकायच्या नाहीत. इथं आल्यापासून तो कायद्यावर बोट ठेवून चालला, आणि म्हणूनच त्यांचं बरं चाललं, हेही तिला मान्य होतं.

“पाणी तरी ठेवून येते कडेला.”

“नको, शोभना. दमलोय मी. वाद नको आता.”

पुन्हा आवाज आला. ती दाराच्या फटीतून खाली बघत राहिली. त्यालाही वाईट वाटत होतं, पण वाईट वाटण्यावर कोर्समध्ये काही शिकवलेलं नव्हतं. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून तो मोठ्याने बोलायला लागला.

“घरी काय आहे खायला?”

“सकाळचं पिठलं आहे. भात टाकीन.”

“पापड भाज दोन.”

मग फुटलेल्या दिव्याचा विषय निघाला, वर्कशॉपचा निघाला. ब्रांडलची जीप आली तेव्हा खालचा आवाज थांबला होता.

प्रताप उतरला आणि परीक्षेत सांगावं तसं सगळं सांगितलं. धडक कुठे बसली, कुठल्या दिशेला गेलं, आपण जवळ गेलो नाही, कुणाला जाऊ दिलं नाही.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ब्रांडल म्हणाला. “सगळे असं वागले तर माझं काम सोपं होईल. पास होशील तू.”

प्रतापला किती दिवसांनी बरं वाटलं. ब्रांडल बंदूक भरून, टॉर्च घेऊन चरात उतरला. शोभनाने तोंड फिरवलं आणि कानात बोटं घातली.

गोळी सुटली नाही. बऱ्याच वेळाने ब्रांडल वर आला. त्याच्या अंगात कोट नव्हता.

“ॲम्ब्युलन्स बोलव,” तो प्रतापला म्हणाला. “म्हातारी बाई आहे, सायकलसकट. अजून शुद्धीवर आहे. विचारतेय, वर दोघंजण इतका वेळ गप्पा मारत होते, ते खाली का आले नाहीत.”