दारावरची पाटी
डोंबिवलीत कोणाला काळा दगड सापडला की चिखलासकट थेट नीलाताईंच्या सोफ्यावर येऊन बसायचा. भूगर्भशास्त्राच्या या निवृत्त प्राध्यापिका प्रत्येकाला तेच सांगून वैतागल्या होत्या, “अहो, उल्का-बिल्का काही नाही, ही लोखंडाच्या भट्टीतली धातूची मळी आहे!” शेवटी त्यांनी दारावर पाटीच ठोकली, ‘दगड स्वच्छ धुऊन आणावेत.’ आज टिटवाळ्याहून उत्तमराव आले. दगड हातात घेताच ताई सावरून बसल्या. आकाराच्या मानानं भलताच जड, चुंबक चटकन चिकटलं, मळीला असतात तशी भोकंही नव्हती. “आकाशातून पडताना दगड वरून जळतो, त्यावर पातळ काळी खपली धरते. तीच तर खूण! इथे कुठाय ती?” त्या करवादल्या. “काळं होतं की, मॅडम!” उत्तमराव अभिमानानं म्हणाले. “परवाच आलेलो, पाटी वाचून मागे फिरलो. दोन दिवस तारेच्या घासणीनं घासलं, तेव्हा कुठे निघालं.”