बदललेली डबी

लेकाच्या पोटदुखीवर पुण्याची डॉक्टरीण मोबाईलवर नुसतं बोलते आणि तपासायला संडास डबीत भरून मागते, हे गजराबाईच्या गळी उतरेना. केस, नखंसुद्धा परक्याच्या हाती देत नाहीत, करणी होते. मग हे कसं द्यायचं? म्हणून उपचाराआधी आणि शेवटी, दोन्ही वेळा तिनं लेकाची डबी उकिरड्यात पुरली आणि स्वतःची भरून नसरापूरच्या लॅबला न्यायच्या पिशवीत ठेवली. फोन चालू असताना ती दाराआड सुपात तांदूळ निवडत पाळत ठेवायची. 'पोटात श्वास घ्या' ऐकून चोरून तीही घ्यायची. आज लेक म्हणाला, "आये, रिपोर्ट आला. नुसत्या बोलण्यानं माज्या पोटातलं चांगलं जंतू वाढलं बघ." गजराबाई दचकली. तिचं सदा पिळवटणारं पोट हल्ली गप्प होतं. म्हणजे करणी आपल्यावरच झाली होती. पुन्हा डॉक्टरणीचा फोन वाजला, तेव्हा सूप घेऊन ती मोबाईलपुढंच बसली.