म्हणजे काय?

चौथ्यांदा तेच पान वाचून ऊर्मिलाने कागद पालथा ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला ती अडली. डोक्यात काहीच उरलं नव्हतं.

संशोधनासाठी जर्मनीत येनाला आल्यापासूनची तिची वाचायची रीत ठरलेली होती. पान वाचायचं, मिटायचं आणि न बघता मराठीत बाबांना सांगायचं. रोज दुपारी दोनला, मिरजेला फोन लावून. तिचे बाबा, दीनानाथ, रेल्वेच्या लोको शेडमधले निवृत्त फिटर. भिंगांवरच्या पातळ थरांचं त्यांना काय कळणार? पण ती जिथे अडखळे, नेमकं तिथेच ते विचारत, "म्हणजे काय?" मग तिला कळे की आपल्यालाच समजलेलं नाही. ती पान पुन्हा उघडे. असं वाचलेलं कधी विसरलं जात नसे. शेवटच्या वर्ष-दीड वर्षात तर ते याशिवाय दुसरं काही बोलतच नव्हते.

बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते. प्रबंधाची फेरटायडिगुंग तीन आठवड्यांवर आली होती. परीक्षकांसमोर उभं राहून उत्तरं द्यायची होती आणि इथे अक्षरं नुसती डोळ्यांसमोरून जात होती. काल ट्राममध्ये कानाशी स्पष्ट आवाज आला, "म्हणजे काय?" तिने दचकून मागे पाहिलं. सीट रिकामी होती. ती पुढच्याच स्टॉपला उतरली आणि घरापर्यंत चालत आली.

आज तिने आईला फोन लावला.

"आई, मी सोडून परत येते. बाबा विचारायचे म्हणून मला समजायचं. आता नाही समजत."

संध्याताईंनी तिला पुढे बोलू दिलं नाही.

"ऊर्मी, त्यांना दीड वर्ष ऐकूच येत नव्हतं गं. शेडमधल्या आवाजाने कान गेले होते. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. तू फोन करायचं बंद करशील म्हणाले."

"काहीतरीच काय! नेमकं मी अडले की विचारायचे ते."

"रिसीव्हर माझ्या कानाला असायचा. तू अडखळलीस की मी त्यांच्या हातावर बोट दाबायची. मग ते रिसीव्हर घेऊन तोंडाशी धरून विचारायचे."

ऊर्मिलाने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"शेवटच्या फोनला तू म्हणालीस, त्या थरावरून परत आलेले दोन उजेड एकमेकांना विझवतात," आई म्हणाली. "मग तो उजेड जातो कुठे? मी रोज विचार करते. तू ते सांगितलंच नाहीस."

हा प्रश्न परीक्षकही विचारणारच होते आणि ते पान तिला अजून समजलेलं नव्हतं. तिने कागद सरळ केला.

चार वर्षं आईने फोन उचलला की ऊर्मिला तिला एवढंच म्हणत आली होती, "बाबांना दे."