नबवियाचं वय

“कागदावर ती अठरा वर्षांची बाई आहे,” वकील रफअत म्हणाले. “ते वय तूच लिहवलंस. आता तूच पुसायचं, हमदान. दुसऱ्या कुणाच्या शब्दाने भागणार नाही.”

इजिप्तमधल्या किना शहरातल्या कोर्टाच्या पायरीवर हमदान अंग चोरून बसला होता. गावाकडचं कुणी दिसलं की तो पागोट्याचं टोक तोंडावर ओढून घेई.

गेल्या साली याच हमदानने सरकारी डॉक्टरसमोर शपथ घेतली होती, पोरगी सतराची आहे. जन्माची नोंद कुठेच नव्हती, आणि नबविया अंगाने थोराड. डॉक्टरने तिचे दात पाहिले, बापाचा शब्द ऐकला, शिक्का मारला. आठवड्याभरात हाज्ज तम्मामशी तिचा निकाह लागला. तम्मामचं उसाचं गुऱ्हाळ होतं आणि वय पन्नाशीपार.

ती दोनदा पळून माहेरी आली. दोन्ही वेळा हमदाननेच तिला गाढवावर बसवून परत नेऊन सोडलं. दुसऱ्या खेपेला ती रडलीसुद्धा नाही. नंतर उन्हाळ्यात एके दिवशी तिने उकळत्या काकवीचा डाव नवऱ्याच्या अंगावर ओतला. तम्मामचा गाल आणि हात भाजून निघाला.

“मोठी ठरली तर वर्षानुवर्षं सक्तमजुरी,” रफअत सांगत होते. “अल्पवयीन ठरली तर खटला बाल-न्यायालयात जाईल. तिथे मुलांना दरोडेखोरांसारखं वागवत नाहीत. समज देतात आणि पालकाच्या हवाली करतात.”

“म्हणजे माझ्या?”

“तुझ्या नाही तर कुणाच्या? पण खोट्या शपथेपायी तू अडकशील.”

“अडकू दे,” हमदान म्हणाला. बायको त्याच्याशी बोलायची बंद झाली होती. पोरीला घेऊनच दारात उभं राहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

आत नबविया आरोपींच्या लोखंडी पिंजऱ्यात बसली होती. हमदानने तिकडे पाहायचं टाळलं. तो न्यायाधीशांसमोर जाऊन उभा राहिला.

“साहेब, पोरगी पंधराची आहे. गावच्या मोठ्या आगीत आमचा ऊस जळला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीची. गेल्या साली मी खोटं बोललो.”

“गेल्या साली सतरा, यंदा पंधरा,” न्यायाधीश म्हणाले. “तुझी पोर उलटी वाढते की काय?”

कोर्टभर हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, “पुढच्या साली पाळण्यात घाल रे तिला!”

हमदानची मान आणखी खाली गेली. “हसू द्या, साहेब. मला लाजच नव्हती म्हणून तर तिला दिली. पदरी चार पोरी, त्यात हाज्जचं मोठं घर. मी पोरीचं वय पाहिलं नाही, त्याची गाडी पाहिली. मला काय ती शिक्षा द्या. पण ती पोर आहे. बाहुली उशाशी घेऊन निजायची ती.”

हशा विरला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज उतरला.

“ती खरंच मूल असेल, तर हा खटला माझ्यापुढे चालायचाच नाही. वय पुन्हा तपासू. तोवर मी तिला पिंजऱ्यात ठेवणार नाही. बापाने लिहून द्यावं आणि आजच तिला घरी न्यावं.”

वकिलांनी हमदानच्या पाठीवर थाप मारली. हमदानला रडू कोसळलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याने पोरीच्या डोळ्यांत पाहायची हिंमत केली.

“चल गं बाई,” तो पुटपुटला. “घरी चल.”

“मुली,” न्यायाधीश म्हणाले, “घाबरू नकोस. वडील खरं सांगताहेत ना?”

नबविया उठली. दोन्ही हातांनी तिने गज घट्ट धरले.

“खोटं आहे, साहेब. मी अठरा वर्षांची बाई आहे. मला तुरुंगात पाठवा.”