तू एकटीच

छापखान्यात 'एकजूट' नावाच्या चित्राच्या मोजून पंचवीस प्रती निघाल्या. चित्रात एकमेकींची मनगटं घट्ट धरलेले बायकांचे हात होते. चित्रकारबाई प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने १/२५, २/२५ असं लिहीत होत्या.

"हे कशाला हो?" शाईवाल्या मावशीने विचारलं.

"म्हणजे एकच प्रत हाती आली, तरी एकूण किती आहेत ते कळतं."

पहिली प्रत मालकाने हौसेने केबिनमध्ये टांगली. तो खुशीत दिसला तशी मावशीने संधी साधली. "साहेब, बसायला स्टुलं द्या ना. दिवसभर उभं राहून गुडघे बोंबलतात."

"इतक्या वर्षांत तक्रार करणारी तू एकटीच!"

मावशीचं तोंड एवढंसं झालं. पण डबा खाताना कळलं, की कटिंगवालीलाही तो हेच म्हणाला होता. बाइंडिंगवालीलाही. अगदी शब्द न् शब्द!

मग काय! छापताना बिघडलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर एकेकीने स्टुलासाठी अर्ज लिहिला आणि मावशीने प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा टाकला.

सकाळी मालकाच्या टेबलावर गठ्ठा होता. १/१४, २/१४, ३/१४...

"चौदा?" तो बाहेर येऊन हसला. "अगं मावशी, तुम्ही तेराच जणी! मोजता तरी येतं का?"



दाराशी पाकिटं चिकटवत बसलेली त्याची आई केबिनबाहेरच्या एकुलत्या एक खुर्चीवरून उठली. "चौदावी मी. आणि स्टुलं येईपर्यंत मीही उभीच."