हजार फूट स्वच्छ

फिल्म संग्रहालयाचे प्रिचर्ड साहेब फाटकातून आत आले आणि धुण्याची दोरी बघून जागीच थबकले. चादरी आणि मोज्यांच्या मधोमध, चिमटे लावून, हजार फूट मूकपट वायोमिंगच्या वाऱ्यावर फडफडत होता. काचेसारखा आरपार.

"कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलेला ना तो," व्हर्नाबाई ॲप्रनला हात पुसत म्हणाल्या. "काय घाण वास! म्हटलं, डेन्व्हरहून पाहुणे येणार, असा कसा द्यायचा हातात? गरम पाणी, ब्लीच आणि घासणी. तीन पाण्यांतून काढलाय. काळं काळं सगळं निघालं बघा."

"ते काळं म्हणजेच सिनेमा होता, बाई." प्रिचर्ड उलट्या बादलीवर बसले.

हा मूकपट काढणाऱ्या कंपनीचे बाकीचे काउबॉयपट कधीच जळाले, नाहीतर फिल्ममधल्या चांदीसाठी वितळवले गेले. जगात ही एकच प्रत होती.

"बसायला उशी देऊ का?" व्हर्नाबाईंनी विचारलं.

त्यांचा म्हातारा नवरा लॉयल पायरीवर बसला होता, टाय लावून. तो पोटात असतानाच वडील गेले. घरात त्यांचा साधा फोटोही नव्हता. आज ह्या सिनेमात त्यांचा चेहरा दिसणार म्हणून त्यानं सकाळी दोनदा दाढी केली होती.

"विचारायचंस तरी मला, व्हर्ना."

"तुझा चष्मा पुसते तेव्हा विचारते का?"

प्रिचर्डनी वाकून वाकून सगळी पट्टी तपासली. अगदी शेवटच्या टोकाला चित्राचा एक चौकोन शिल्लक होता.

"अगंबाई, तेवढा राहिलाच," व्हर्नाबाई ओशाळल्या.

लॉयल काठी टेकत आला. त्यानं तो चौकोन उन्हात धरला. धुळीत उधळलेला घोडा. पाठीवर कुणीच नाही.

"तुमचे वडील यात कोण होते?" प्रिचर्डनी हळूच विचारलं.

"पडणारे. हिरोनं गोळी झाडली की घोड्यावरून पडायचं. तेवढंच काम."

"तेव्हा खाली गादीबिदी नसायची. खरंच पडायचे बिचारे."

"हो ना. तसेच एकदा पडले, ते उठले नाहीत."

लॉयलनं अंगठा त्याच्या अलीकडच्या, कोऱ्या चौकोनावर सरकवला. "म्हणजे ह्यात बाबा घोड्यावर होते."

तो चौकोन त्यानं डोळ्याशी धरला आणि बराच वेळ बघत राहिला. त्यातून पलीकडे मोजे काढणारी व्हर्ना दिसत होती. अगदी स्पष्ट.